वारा, नाव आणि किनारा : गीता २.६७



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६७.

भावार्थ असा : इंद्रियं आपापल्या विषयांकडे धावतच असतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्याही मागे मन लागलं, की ते माणसाची बुद्धी ओढून नेतं. जसा वारा पाण्यावरच्या नावेला ओढून नेतो, तसं.

हा श्लोक वाचताना आपण बहुतेक वेळा 'इंद्रियं' या शब्दावर थांबतो आणि नाव सोडून देतो. आज नावेपाशी थांबूया. गेले काही दिवस माझ्या फीडवर एकच प्रकारचे व्हिडिओ येतायत. साठीतलं एखादं जोडपं, घर विकलेलं, शिडाची बोट घेतलेली, आज हे बेट, उद्या ते बेट. निळं पाणी, नारळाची झाडं. खाली आपल्यासारख्यांच्या कमेंट्स : 'लाइफ असावं तर असं!' आमच्या टीममधल्या एका मित्राने तर मला सरळ विचारलं, "अरे, हेच वैराग्य नाही का? सगळं सोडून निघाले की ते!"

प्रश्न चांगला आहे. गंमत म्हणजे गीतेची सुरुवातच अशा एका प्लॅनने होते. दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो की गुरुजनांना मारण्यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. म्हणजे अर्ली रिटायरमेंटच! भगवंतांनी त्याला होकार दिला नाही. पण म्हणून 'सोडणं वाईट' असंही ते म्हणत नाहीत. अठराव्या अध्यायात (१८.८) ते स्पष्ट करतात की त्रास होतो, शरीराला कष्ट होतात, या भीतीने कर्म सोडलं तर तो राजस त्याग. त्याचं फळ मिळत नाही. म्हणजे काय सोडलं, यापेक्षा का सोडलं हे महत्त्वाचं.

आता एक खरी गोष्ट. पॉल आणि रेचल चँडलर हे इंग्लंडमधलं जोडपं. पॉल सिव्हिल इंजिनिअर होते, रेचल अर्थतज्ज्ञ. निवृत्त झाल्यावर दोघं 'लिन रायव्हल' नावाच्या ३८ फुटी शिडाच्या बोटीवर राहायला लागले. ऑक्टोबर २००९ मध्ये ते सेशेल्स बेटांवरून टांझानियाकडे निघाले. २३ तारखेला रात्री सोमाली चाच्यांनी त्यांना पकडलं. सोमालियात त्यांना ठेवलं गेलं ते १४ नोव्हेंबर २०१० पर्यंत. एक वर्षाहून जास्त! मधे काही काळ चाच्यांनी दोघांना एकमेकांपासून वेगळंही ठेवलं. घर नव्हतं, बोट नव्हती, सामान नव्हतं. या सगळ्याशिवाय ते राहू शकत होते. पण दोघांना वेगळं करणं ही फार मोठी शिक्षा होती.

इथे मी थांबलो. सगळं सोडून निघालेल्या माणसांकडूनही काढून घेण्यासारखं काही उरतंच. हा त्यांचा दोष नाही, ते प्रेम आहे. पण माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. सामान कमी होणं आणि आसक्ती कमी होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टू-बीएचकेमधून ३८ फुटांत आलं की सामान आपोआप कमी होतं. मन मात्र जेवढं होतं तेवढंच सोबत येतं.

उरलेलं अर्धं उत्तर नावेतच आहे. विचार करा, श्लोकात वारा खलनायक आहे का? शिडाच्या बोटीला वारा नसेल तर ती जागची हलत नाही. समुद्रावरची ही माणसं वाऱ्याची वाट बघतात. उष्ण कटिबंधात वर्षातला बराच काळ वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवरच त्यांचे लांबचे प्रवास होतात. मग वाहून जाणारी बोट आणि प्रवास करणारी बोट, यांत फरक कशाचा? दोन गोष्टींचा. एक सुकाणू. दुसरी कील, म्हणजे तळाशी असलेला शिशाचा किंवा लोखंडाचा वजनदार भाग. वारा शिडाला एका बाजूला ढकलतो, कील बोटीला आडवी सरकू देत नाही आणि कलंडूही देत नाही. ती पाण्याखाली असते, फोटोत कधी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. बऱ्याच बोटींच्या मागे वाऱ्यावर चालणारं एक यंत्र बसवलेलं असतं. त्याची छोटी पाती वाऱ्याशी एक कोन धरून ठेवते. बोट वाट सोडून वळली की तोच वारा पातीला ढकलतो, आणि त्या हालचालीने सुकाणू फिरून बोट पुन्हा वाटेवर येते. वीज लागत नाही. जो वारा नावेला ओढून नेऊ शकतो, तोच तिला वाटेवर ठेवतो. पण दिशा आधी माणसाने ठरवलेली हवी.

तीनच श्लोक आधी (२.६४) भगवंत हेच सांगतात. राग-द्वेषातून सुटलेली, ताब्यातली इंद्रियं घेऊन जो विषयांत वावरतो, त्याला प्रसन्नता मिळते. वारा बंद करा असं ते म्हणत नाहीत, सुकाणू धरा म्हणतात.

याच श्लोकावर माउली ज्ञानेश्वरीत जे सांगतात, ते तर अंगावर येतं. त्यांची नाव भर समुद्रात नाही. ती किनाऱ्याला लागत आलेली आहे, आणि तिथे तिला वादळ गाठतं. टळलेलं संकट परत येतं. तसंच, पोचलेल्या माणसानेही कौतुकाने इंद्रियांचे लाड केले तर तो पुन्हा दुःखात सापडतो. खरे दर्यावर्दीही भर समुद्रापेक्षा किनाऱ्याला जास्त जपतात. बोटी फुटतात त्या खडकांवर आणि प्रवाळांवर, आणि ते जमिनीजवळच असतात. कॅरिबियनमध्ये १ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ कॅरियाकू बेटावर धडकलं, तेव्हा खारफुटीच्या आडोशाला सुरक्षित म्हणून बांधून ठेवलेल्या कितीतरी बोटींचं नुकसान झालं.

हे मला का टोचतं सांगतो. माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. एवढे पैसे साठले, की एवढ्या वयाला नोकरी बंद. मग निवांत नामस्मरण, वाचन, वारी. त्या शीटमधला शेवटचा आकडा आपल्याला किनारा वाटतो. पण सुकाणू धरायची सवय आज नसेल, तर ती साठाव्या वर्षी बोटीबरोबर फ्री मिळणार नाही. तेव्हा वेळ भरपूर असेल, म्हणजे वारा जास्तच असेल!

शिवाय त्या शीटमध्ये फक्त माझे आकडे आहेत. चँडलर दांपत्याच्या सुटकेसाठी त्यांच्या नातेवाइकांनी पैसे उभे केले, ब्रिटनमधल्या सोमाली समाजातल्या लोकांनीही धडपड केली. एकट्याचं स्वातंत्र्य असं काही नसतं. त्याचा भार कोणीतरी उचलत असतं. आपले आई-बाबा, जोडीदार, भावंडं हे आपल्या 'मी मोकळा' या हिशेबात कुठे आहेत, हे विचारायलाच हवं.

सुटकेनंतर पॉल आणि रेचल यांनी बोट दुरुस्त केली आणि २०१२ मध्ये ते पुन्हा समुद्रावर गेले. काहींना हा हट्ट वाटेल, काहींना धैर्य. बाहेरून ते ठरवता येत नाही. सुकाणूवर कोणाचा हात आहे, ते नावेत बसलेल्यालाच कळतं. म्हणून मित्राला मी एवढंच म्हटलं, "त्यांचं वैराग्य आहे की नाही हे मला माहीत नाही. तुझं आणि माझं मात्र आजच तपासता येईल."

आजचं मनन : आज दिवसभरात एकदा, फोन हातात घ्यायच्या आधी, स्वतःला विचारा : मी जातोय, की नेला जातोय? उत्तर काहीही येवो, मग एकदा नाम घ्या. आपली कील तीच.

राम कृष्ण हरी!