औषधाआधी निदान

कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली या भाज्यांचे सर्वाधिक नुकसान करणारी कीड म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. हा पतंग एक सेंटिमीटरहून लहान आणि राखी-तपकिरी असतो. पंख मिटून बसला की त्याच्या पाठीवर फिकट चौकोनांची माळ दिसते. नाव त्यावरून पडले. नुकसान करते ती अळी. मादी पानाच्या मागच्या बाजूला, बहुधा शिरांच्या कडेने, दीडशेच्या आसपास अंडी घालते. तीन-चार दिवसांत निघालेली अळी आधी पानाच्या आत शिरून पोखरते, मग बाहेर येऊन पानाचा हिरवा भाग खालून खरवडते. वरचा पापुद्रा तसाच राहतो आणि पानाला पांढरट खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. पुढे पापुद्रा फाटून पानाची चाळण होते. फिकट हिरव्या, दोन्ही टोकांना निमुळत्या अशा या अळीला काडी लावली की ती वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळत पानाखाली उतरते. धोका टळला की त्याच धाग्याने वर चढून पुन्हा खायला लागते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा सगळा प्रवास दख्खनच्या उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे एका लागवडीच्या काळात तीन-चार पिढ्या सहज होतात.

भारतात या किडीची पहिली नोंद १९१४ ची, थॉमस बेनब्रिज फ्लेचर या कीटकशास्त्रज्ञाची. आज जिथे कोबी पिकतो तिथे ती आहे. यामागे कोबीच्या कुळाचीच एक गोष्ट आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, तो मोहरीच्या अख्ख्या दाण्यात नसतो. दाण्यात दोन द्रव्ये वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा भरडला आणि पाणी लागले की ती एकत्र येतात आणि तिखट तेल तयार होते. कोबी, मुळा, नवलकोल ही सगळी मोहरीची भावंडे, त्यांच्या पानांतही हीच व्यवस्था आहे. कुरतडणाऱ्या किड्याच्या तोंडात तिखट तेल तयार व्हावे आणि त्याने पान सोडावे, यासाठी या कुळाने कमावलेले हे संरक्षण आहे. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीने त्यावर तोड शोधली. तिच्या पोटातले एक विकर त्या द्रव्याचे तेल होण्याआधीच त्याला निकामी करते. जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हे दाखवून दिले. याहून पुढची गोष्ट अशी की, जो वास इतर किड्यांना हाकलतो, त्याच वासावर या पतंगाची मादी अंडी घालायला पीक शोधत येते.

वनस्पतीचे विष पचवणारा हा कीटक माणसाच्या विषालाही पुरून उरला. डीडीटीच्या कीटकनाशक गुणाच्या शोधाबद्दल पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५३ मध्ये, इंडोनेशियातील जावा बेटावर कोबीवरची ही अळी डीडीटीला दाद देत नसल्याची नोंद झाली. पिकावरच्या किडीत डीडीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. भारतात तशीच नोंद १९६८ मध्ये लुधियानाहून झाली. त्यापुढे फॉस्फरसयुक्त औषधे, कार्बामेट आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली आणि एकामागून एक बोथट झाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस म्हणजे बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशक सुरक्षित म्हणून नावाजले गेले; तेही सतत फवारल्यामुळे हवाई बेटांवरच्या शेतांत १९९० पर्यंत निष्प्रभ होऊ लागले. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे नव्या पिढीचे औषध थायलंड आणि फिलिपिन्समध्ये थोड्याच वर्षांत निकामी झाले. कारण दरवेळी एकच. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतातच की ज्यांना ते औषध बाधत नाही. बाकीच्या मरतात, त्या उरतात, आणि तीन आठवड्यांनी शेतात त्यांचीच प्रजा असते. पिढी जितकी छोटी आणि फवारणी जितकी दाट, तितके हे लवकर घडते.

मराठी शेतकरी कीटकनाशकाला सरसकट औषध म्हणतो. शब्द चांगला आहे, पण तो अर्ध्यावर सोडला जातो. औषध म्हटले की आधी रोगी तपासणे आले, निदान आले, मात्रा आली. कोबीच्या शेतात बहुतेक वेळा यातले काहीच होत नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी पंप पाठीवर चढतो, शेजाऱ्याने मारले म्हणून इकडेही मारले जाते, आणि दुकानदाराने दिलेल्या दोन-तीन बाटल्या एकत्र ओतल्या जातात. याची किंमत कीटक मोजत नाही, माणूस मोजतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक वेगळे होते, पण फवारणीची सवय हीच होती.

एकात्मिक कीड व्यवस्थापन ही या सवयीला दिलेली पर्यायी पद्धत. तिचा पाया कॅलिफोर्नियातील चार कीटकशास्त्रज्ञांनी, स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी, १९५९ च्या एका निबंधात घातला. शेतात कीड दिसली म्हणजे फवारणी हवीच असे नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे. किडीने होणारे नुकसान उपायाच्या खर्चाहून जास्त होणार असेल तेव्हाच उपाय करावा. या सीमेला मराठीत आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. भारत सरकारने १९८५ मध्ये ही दिशा अधिकृतपणे स्वीकारली आणि १९८८ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. तरी शेतात ती अजून पुरती उतरलेली नाही, कारण ती बाटलीत भरून विकता येत नाही. तिचे पहिले साधन म्हणजे शेतकऱ्याची नजर.

पाहणी आठवड्यातून किमान एकदा, सकाळी करावी. बांधावरून बघून काही कळत नाही. शेतात आडवेतिडवे चालत वीसेक रोपे निवडून पाने उलटून पाहावी लागतात, आणि मधला कोंब दोन बोटांनी उघडून बघावा लागतो. कोबीचे पीक सगळ्या वयात सारखे नाजूक नसते. बाहेरच्या मोठ्या पानांना भोके पडली तरी गड्डा भरतो. पण लागवडीनंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, गड्डा धरू लागतो तेव्हा, मधल्या कोंबावरची एक अळीही महागात पडते. गड्डा पोखरणारी अळी ही दुसरी कीडही याच सुमारास कोंब खाते. मग रोपाला गड्डा धरत नाही, किंवा एकाऐवजी तीन-चार बारके निकामी गड्डे फुटतात. म्हणून आधीच्या पंधरवड्यात थोडी कीड सोसायची आणि या पंधरवड्यात डोळ्यांत तेल घालून राहायचे, हा हिशेब पाहणीशिवाय जमत नाही. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात रोज किती पतंग अडकतात याची नोंद ठेवली तर अळ्यांची लाट कधी येणार याचा अंदाज चार-सहा दिवस आधी मिळतो.

पाहणीनंतर येतात ते लागवडीतले उपाय, आणि त्यांची सुरुवात रोपवाटिकेपासून होते. गादीवाफ्यावर बारीक जाळी टाकली तर रोपे स्वच्छ मिळतात. अळी घेऊन गेलेले रोप पहिल्या दिवसापासून शेताला कीड पुरवते. कोबीवर कोबी घेऊ नये, मध्ये कांदा, भुईमूग किंवा मका यावा. घाण्या रोगासाठी हे विशेष गरजेचे आहे. या जिवाणूजन्य रोगात पानाच्या कडेपासून आत टोकदार पिवळे डाग शिरतात आणि शिरा काळ्या पडतात. तो बियाण्यातून येतो, म्हणून ५० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात अर्धा तास बी बुडवून मग पेरण्याची शिफारस आहे.

एकात्मिक या शब्दाचा खरा अर्थ येथे कळतो. संध्याकाळी तुषार सिंचन केले तर पतंगांचे उडणे आणि मीलन विस्कटते, लहान अळ्या धुऊन जातात. अळीसाठी उपाय उत्तम. पण उडणारे पाणी आणि रात्रभर ओली राहणारी पाने घाण्या रोग पसरवतात. ज्या शेतात रोग आहे तिथे हाच उपाय घातक ठरतो. कोणता उपाय चांगला, याला सुटे उत्तर नसते. त्या शेतात, त्या आठवड्यात काय चालले आहे यावर ते ठरते.

मोहरीचा सापळा हा या पद्धतीतला भारतीय शास्त्रज्ञांचा सुंदर उपाय. पतंगाची मादी मोहरीच्या वासावर येते, तर तिला मोहरीच द्यावी, या विचारातून बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने १९९० च्या सुमारास ही रीत बसवली. कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घ्यायच्या. एक कोबी लावण्याआधी पंधरा दिवस, दुसरी लावल्यानंतर पंचवीस दिवसांनी, म्हणजे पहिली जून होईपर्यंत दुसरी कोवळी तयार असते. पतंग आणि मावा दोन्ही मोहरीवर गोळा होतात. मूळ शिफारशीत मोहरीवर डायक्लोरव्हॉस फवारायचे होते. २०२० अखेरपासून भारतात त्याच्या वापरावर बंदी आहे, तेव्हा आता तिथे निंबोळी अर्क किंवा बीटी वापरणे योग्य. मात्र मोहरीकडे लक्ष दिले नाही तर सापळ्याचीच पैदासशाळा होते. मोहरी पेरून विसरून जाणाऱ्या शेतकऱ्याने ती न पेरलेली बरी.

शेतात फुकट राबणारे मित्रकीटक हा पुढचा आधार. कोटेशिया नावाची गांधीलमाशीच्या कुळातली चिमुकली माशी अळीच्या अंगात अंडी घालते आणि तिची पिल्ले अळीला आतून खातात. थंड डोंगराळ भागात हेच काम डायडेग्मा करते. ती न्यूझीलंडहून १९५० मध्ये इंडोनेशियात आणि २००२ मध्ये तैवानहून केनियात नेऊन सोडली गेली. इंडोनेशियात ती रुजली, पण जिथे जहाल फवारण्या चालू होत्या तिथे तिचा गुण दिसला नाही. त्या थांबवून बीटीवर भर दिला तेव्हा तो दिसू लागला. जहाल औषधाने अळी मरो न मरो, ही माशी नक्की मरते, आणि मग उरलेल्या अळ्यांना कोणी वैरी राहत नाही. ‘मारले तरी वाढते’ अशी तक्रार शेतकरी करतो, तिच्यामागे पुष्कळदा हेच असते.

फवारणीची वेळ आलीच तर सुरुवात सौम्य उपायांनी करावी. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने पिळून गाळायची, साबणाचा चुरा विरघळवून मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करून त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचे. साबण विसरून चालत नाही, कारण कोबीच्या मेणचट पानावर पाणी अळूच्या पानासारखे थेंब होऊन घरंगळते. बीटीही संध्याकाळीच फवारावे. उन्हात ते लवकर मरते. बीटी खाल्लेली अळी काही तासांत खाणे सोडते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी जिवंत अळी दिसली म्हणून वरून दुसरे औषध मारणे ही सर्रास होणारी चूक आहे.

रासायनिक औषध शेवटी. ते कोबीसाठी लेबल क्लेम असलेले, म्हणजे कोबीवर वापरायला अधिकृत मान्यता असलेले असावे, आणि सलग दोन पिढ्यांवर एकाच गटातले, म्हणजे किडीवर एकाच रीतीने काम करणारे नसावे. येथे बाटलीवरचे व्यापारी नाव फसवते. नावे तीन, गट एकच, असे नेहमी घडते. फवारणी आणि काढणी यांमधला प्रतीक्षा काळ पाळणे हा तर खाणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

खाणाऱ्याचाही या व्यवहारात वाटा आहे. मंडईत गड्ड्याच्या वरच्या पानाला दोन भोके असली की भाव पडतो, आणि त्या दोन भोकांच्या भीतीने काढणीच्या आठवड्यातली सर्वांत अनावश्यक फवारणी होते. ते पान स्वयंपाकघरात तसेही काढूनच टाकले जाते. ग्राहकाने भोक पडलेल्या पानासाठी भाव पाडू नये. ती फवारणी टळण्यासाठी त्याच्या हातात एवढेच आहे.

गड्डे गाडीत भरले की पीक संपले असे शेतकरी धरतो, पण पतंगाचे पीक तेव्हाही उभे असते. शेतात राहिलेल्या बुंध्यांना कोवळे फुटवे येतात आणि त्यांवर कोष आणि अळ्या पुढच्या लागवडीपर्यंत सुखाने राहतात. काढणी झाल्यावर आठवड्याच्या आत बुंधे उपटून गाडावेत, शिवारातल्या सगळ्यांनी गाडावेत. एका शेतातले बुंधे राहिले तरी पतंग बांध ओलांडून शेजारी जातो.