वाजवील त्याची?

वाद्य कोणाचं? ज्याने विकत घेतलं त्याचं, ज्याच्या वाट्याला आलं त्याचं, की जो वाजवतो त्याचं? ऐकायला सोपा प्रश्न. आमच्या वटारच्या घरात तो दोन वर्षं खुंटीला टांगलेला होता.

गिटार बाबांची. 1974 साली त्यांनी ती मुंबईत धोबीतलावला घेतली आणि लोकलच्या गर्दीत डोक्यावर धरून नालासोपाऱ्यापर्यंत आणली, असं आई सांगायची. व्हॅटिकनची दुसरी परिषद (1962-65) झाली, उपासना लोकांच्या भाषेत आली आणि मराठी गीतांच्या साथीला गिटारही आली. बाबा चर्चच्या गायनवृंदात वाजवत. नाताळात, लग्नात, वाडीत केळीचं पाणी आटपल्यावर ओट्यावर बसूनही वाजवत. पहिल्या तीन पट्ट्या त्यांच्या बोटांनी झिजून खोलगट झाल्यात. त्यांच्यामागे मी वाजवली. आता संधिवाताने माझी डावी बोटं वळत नाहीत. एफची कॉर्ड धरायची तर एकाच बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात. ते माझ्याच्याने होत नाही.

बरं, नुसती जपून ठेवावी तर तेही सोपं नाही. पोलादी तारा सुरात लावल्या की त्यांची एकूण ओढ सत्तर किलोच्या आसपास जाते. म्हणजे एक भरला माणूस रात्रंदिवस त्या पातळ फळीला लोंबकळतोय म्हणा ना. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि समुद्राची खारी हवा तारा खाते. वाजवणारा असला की बिघाड लगेच कानाला कळतो. खुंटीवर तो कोणाला कळणार?

तिच्यावर हक्क सांगणारे दोघं. एक माझा पुतण्या, कॅनडात असतो. त्याने ती कधी वाजवली नाही, पण लहानपणी बाबांच्या मांडीशी झोपायचा तो याच आवाजात. त्याला ती तिकडच्या घरात भिंतीवर लावायची आहे. दुसरी आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूंची पोर, नववीत शिकते. माणसं उत्तर प्रदेशातली, बाप इमारतींवर सुतारकाम करतो. संध्याकाळी येऊन बसायची, बघायची. मी तोंडी सांगत गेलो, ती हातात उतरवत गेली. बोटांना घट्टे पडले तरी यायची थांबली नाही. दोघंही मला काकाच म्हणतात.

आमची वाडी आमच्या नावावर कशी आली, ते मला इथे आठवतं. आजोबा कूळ होते. 1948 च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 पासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. कसेल त्याची जमीन. आम्ही तो न्याय मानला, त्याच्यावर जगलो. मग वाजवील त्याची गिटार, असं म्हणायला जीभ का अडखळते? आज आम्हीच खोल्या भाड्याने देतो आणि भाडेकरूचा हक्क लागू नये म्हणून करार अकरा महिन्यांचा करतो. आजोबांच्या नातवाने हे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

पण कायदा नुसत्या घोषणेएवढा सरळ नव्हता. जमीन फुकट मिळाली नाही, किंमत ठरली आणि आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली. विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांच्या बाबतीत कुळाची खरेदी पुढे ढकलली जाई. त्या न्यायाने माझी वाकडी बोटंही सवलत मागू शकतात. हात चालत नाही म्हणून हक्क लगेच गेला, असं म्हणणं निष्ठुरपणाचं होईल.

वापरला म्हणजे हक्क झाला, असंही नाही. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चच्या घंटा देशावर गेल्या. वाईजवळ मेणवलीला 1707 ची घंटा आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात 1721 ची. भाविकांनी त्या आपल्या केल्या, जपल्या. त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्या कोणी दिल्या नव्हत्या, नेल्या होत्या, आणि कितीही वर्षं वाजल्या तरी एवढी गोष्ट पुसली जात नाही. उलट पागानिनीने आपलं व्हायोलिन मृत्युपत्राने जिनोआ शहराला दिलं. ते तिथे जपून ठेवलंय आणि निवडक वादकांच्या हाती अजून वाजतं. म्हणजे वाजवणारा तर हवाच, पण देणाराही हवा. पोरीने कितीही मेहनत केली तरी गिटार आपोआप तिची होत नाही. ती कोणीतरी द्यावी लागते, आणि देणारा आज मीच आहे.

पुतण्याची आठवण खोटी नाही. दूर राहणाऱ्या माणसाला गावाची एक वस्तू हवीशी वाटणं मला समजतं. पण आठवण त्याच्याजवळ गिटारीशिवायही आहे. पोरीजवळ गिटारीशिवाय काही नाही. लाकडाची म्हणून काही गरज असेल, तर तीही तिच्याच बाजूची. भिंतीवर ती शोभेल, पण बाबांनी ती शोभेसाठी डोक्यावर धरून आणली नव्हती.

म्हणून गेल्या महिन्यात मी ती पोरीला दिली, एका अटीवर. वाजवणं सुटलं तर वाजवणाऱ्याला द्यायची, विकायची नाही. अट माझ्या डोक्यातली नव्हे. कुळकायद्यातही, विकत मिळालेली जमीन स्वतः कसली नाही तर काढून घेण्याची तरतूद होती. पोरीचा बाप म्हणाला, "काका, आम्ही उद्या इथून उठलो तर?" मी म्हटलं, "तर गिटार तुमच्याबरोबर जाईल."

पुतण्याला फोनवर सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, घरातलं माणूस सोडून परक्याला दिलीत?" बाबांचं आवडतं गीत तिने बसवलंय, ते रेकॉर्ड करून त्याला पाठवलं. त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो राग चुकीचा आहे, असंही मला म्हणवत नाही.