उजवा हात आणि गाडीची किल्ली



आज सामान्य काळातील सहावा रविवार. आजच्या शुभवर्तमानात (मत्तय ५:१७-३७) प्रभू येशू खुनाविषयी बोलायला सुरुवात करतो आणि लगेच रागावर येतो. भावाला अपशब्द वापरणाऱ्यालाही तो न्यायासनासमोर उभा करतो. फिर्यादीबरोबर वाटेत आहेस तोवरच समेट कर, असे तो सांगतो. आज आपण त्या 'वाटे'कडेच पाहू या. कारण आपला राग आज घरापेक्षा रस्त्यावर अधिक उफाळतो.

२७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळा शहरात चौकात उभ्या केलेल्या गाडीवरून बाचाबाची झाली. एका ६५ वर्षांच्या गृहस्थांना मारहाण झाली आणि ते दगावले. आरोपी होते क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू. खटला खालून वरपर्यंत फिरत राहिला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने इजा केल्याच्या गुन्ह्यासाठी १,००० रुपये दंड केला. फेरविचारानंतर १९ मे २०२२ रोजी १ वर्षाची सक्तमजुरी दिली. धडधाकट माणसाचा हात हेदेखील शस्त्र ठरू शकते, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. भांडण काही मिनिटांचे. त्याचा निकाल लागायला ३३ वर्षे गेली. मेलेला माणूस तर परत येतच नाही.

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल रागाला उतावळ्या नोकराची उपमा देतो. मालकाचे बोलणे पुरते ऐकण्याआधीच तो धावत सुटतो आणि भलतेच काम करून येतो. रागालाही बुद्धीचे ऐकू येते, पण अर्धेच. "त्याने मला कट मारला" एवढे ऐकू येते. "कदाचित तो आईला दवाखान्यात नेत असेल" हे ऐकायला राग थांबत नाही. अशा नोकराच्या हाती गाडीची किल्ली असेल तर काय होईल?

आपल्या देशात 'रोड रेज' नावाचा वेगळा गुन्हा नाही. मारहाण, इजा, मृत्यू, जे घडले त्याप्रमाणे कलम लागते. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २० नुसार, ज्या गुन्ह्यात वाहनाचा वापर झाला त्यात दोषी ठरलेल्याला इतर शिक्षेबरोबर ठरावीक काळ लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. इथे एक प्रश्न उरतो. माणूस गाडीतून उतरला आणि हाताने मारले, तर वाहनाचा 'वापर' झाला का? जर्मनीने २०१७ साली कायदा बदलून कोणत्याही गुन्ह्यासाठी मुख्य शिक्षेच्या जोडीला ६ महिन्यांपर्यंत वाहनबंदी घालण्याची मुभा न्यायालयांना दिली.

अशी बंदी ख्रिस्ती दृष्टीने योग्य आहे काय? उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात पहिला खुनी आहे काईन, एक शेतकरी. ज्या जमिनीत त्याने भावाचे रक्त सांडले, तिचे पीक यापुढे त्याला मिळणार नाही, असे देव सांगतो. पण त्याच वेळी कोणी काईनाला मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूणही करतो. शिक्षा आहे आणि संरक्षणही आहे. ज्या गोष्टीचा गैरवापर झाला, ती हातून काढली जाते. माणूस मात्र टाकला जात नाही. आपला धर्मशिक्षण-ग्रंथही (क्र. २२६६) शिक्षेकडून हीच अपेक्षा ठेवतो: बिघडलेली घडी नीट व्हावी, लोक सुरक्षित राहावेत आणि दोषी माणूस सुधारावा. नुसत्या दंडाने खिसा हलका होतो, स्वभाव नाही. बंदी मात्र माणसाला रोज सकाळी बसच्या रांगेत उभे करून आठवण देते.

तरीही न्यायाधीशाने एक गोष्ट विसरू नये. ज्याच्या घरी ड्रायव्हर आहे त्याला ही बंदी म्हणजे किरकोळ गैरसोय. रिक्षावाल्याच्या घरी मात्र तिने चूल विझते. म्हणून बंदीचा काळ ठरवताना माणूस पाहावा लागतो. आणि रिक्षावाल्यावर अशी वेळ आली, तर त्याच्या मुलांची फी भरणे हे आपल्या धर्मग्रामाचे काम आहे. ज्याला मार बसला त्याच्या घरी जाणे, हे तर त्याहून आधीचे काम.

जून २००७ मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतली पहिली सिनाय पर्वतावरचीच: खून करू नकोस. गाडी ही सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये, असे एक आज्ञा सांगते. दुसरी सांगते की, दोषी चालक आणि त्याचा बळी यांना योग्य वेळी एकत्र आणावे, म्हणजे क्षमेचा अनुभव दोघांनाही मोकळे करील. न्यायालय लायसन्स काढून घेऊ शकते. ही भेट घडवणे त्याच्या आवाक्यातले नाही. ते आपल्याकडे सोपवलेले आहे.

आजच्या पहिल्या वाचनात बेन सिरा सांगतो की, देवाने माणसापुढे अग्नी आणि पाणी ठेवले आहे. हात कुठे घालायचा ते त्याने ठरवायचे. उजवा हात पापाला प्रवृत्त करत असेल तर तो तोडून टाक, असे प्रभू येशू म्हणतो. प्रभूला आपले हात तोडायचे नाहीत; पापाचे निमित्त दूर करायचे आहे. येत्या बुधवारी आपण कपाळावर राख घेऊ. उपवासकाळात मांसाहार सोडणारे पुष्कळ आहेत. ज्याला ठाऊक आहे की स्टिअरिंगवर बसताच आपली जीभ आणि मूठ सुटते, त्याने या ४० दिवसांत आठवड्यातून एक दिवस किल्ली बायकोच्या किंवा मुलाच्या हाती द्यावी, आणि शेजारी बसून त्यांना सूचना देऊ नयेत! ज्याला रस्त्यात शिवी दिली तो ओळखीचा असेल, तर राखेच्या बुधवारआधी त्याच्या दारी जाऊन यावे. वेदीकडे येण्याची वाट त्याच्या दारावरून जाते.

प्रभू तुम्हांला सुखरूप घरी नेवो, आणि तुमच्यामुळे इतरांनाही.

तुमचा ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू