बिनकामाचे पाणी

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत दोन दगडांची आहे : करडा कुर्ल्याचा आणि पिवळसर मालाडचा. घुमटाकडे मान वर करून पाहताना सहसा मनात येत नाही, की इतका दगड इथे आला म्हणजे तितकाच खड्डा कुठेतरी राहिला असणार. तो उपनगरात राहिला. आधी दक्षिण मुंबईच्या इमारतींसाठी, मग उपनगरांच्याच चाळी, रस्ते आणि स्लॅबसाठी कुर्ला, मालाड, चांदिवली, कांदिवली, भांडुपच्या टेकड्या फुटल्या. वडारांच्या पहारींनी, सुरुंगांनी, पुढे क्रशरने. भांडुपला क्वारी रोड हे नाव अजून आहे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल आज खांबासारखा एकटा दिसतो, तोही भोवतालचा दगड शहराने नेला म्हणून.

खाण बंद पडली की पाणी उपसणारा पंपही थांबतो. जिथे भेगा कमी तिथला काळा दगड पाणी धरून ठेवतो आणि काही पावसाळ्यांत खदान भरते. आधी शेवाळ आणि डासांच्या अळ्या येतात, अळ्यांवर जगणारे चतुर येतात. कुणीतरी मासे सोडतो. मग तारेवर खंड्या बसू लागतो, पाणकावळा पंख वाळवतो, टिबुकली बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येते. कड्याच्या माथ्याशी उरलेल्या मुरमात खंड्याला बीळ करता येते, कपारींत पाकोळ्यांना घर मिळते. यातले काहीही कुणी ठरवून केलेले नसते.

अशा पाण्याला तळे म्हणायला आपण कचरतो, कारण ते ‘नैसर्गिक’ नाही. पण मुंबईत नैसर्गिक आहे तरी कोणते? विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, पवई १८९१चा; तिन्ही बांध घालून केलेले. इंग्लंडमधल्या नॉरफकच्या सरोवरांना लोक निसर्गाची देणगी समजत होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर जॉयस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले, की ते मध्ययुगात जळणासाठी खणलेले पीटचे खड्डे आहेत. तिकडच्याच नॉटिंगहॅमजवळच्या अॅटनबरोला खडीच्या खड्ड्यांचे १९६६ साली अभयारण्य झाले. जन्म कसा झाला यावरून पाण्याची पात्रता ठरत नाही.

आपला कायदाही ती तशी ठरवत नाही. २०१७च्या पाणथळ नियमांत मानवनिर्मित पाणीही धरलेले आहे. वगळली आहेत ती पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ, करमणूक अशा ठरावीक कामांसाठी मुद्दाम बांधलेली तळी. खदानीतले पाणी यांपैकी कशासाठीच केलेले नाही. त्याचे बिनकामाचे असणे हीच त्याची पात्रता! तरीही ते निसटते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी संरक्षणाखाली आणलेल्या २,०१,५०३ पाणथळ जागा २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या आहेत. साडेपाच एकरांहून लहान खदान त्या यादीत येणार कुठून? शहराच्या हिशेबात तर बिनकामाचे म्हणजे रिकामे, आणि रिकामे म्हणजे भराव टाकायला मोकळे. पवईसारख्या नावाजलेल्या तलावाच्या काठी सायकल ट्रॅक घातला गेला आणि तो बेकायदा ठरवायला २०२२ साली उच्च न्यायालयाला बोलावे लागले. बिननावाच्या खदानीसाठी कोर्टात कोण जाणार?

यावर जे सांगितले जाते ते खोटे नाही. खदानीत मुले बुडतात. डास होतात. काठावरच्या वस्तीला पक्ष्यांआधी नळ हवा, आणि त्या वस्तीत हा दगड फोडणाऱ्यांची नातवंडेही असतात. शिवाय इंग्लंडची खडी नदीकाठच्या सपाटीवरची. तिथल्या खड्ड्याला उतरता काठ करणे सोपे. आपली खदान विहिरीसारखी : पहिले पाऊल काठावर, दुसरे थेट खोल पाण्यात. बुडणाऱ्या मुलाचा हाच काठ घात करतो आणि पाणकणसाला, बगळ्याला, बेडकाच्या पिल्लांनाही हाच नडतो. त्यांना सगळ्यांना गुडघाभर पाणी लागते.

म्हणून माणूस की पक्षी हा वाद इथे खोटा आहे. दोघांची गरज एकच आहे : एका बाजूला स्वच्छ माती-मुरमाचा हळूहळू उतरणारा काठ, उरलेल्या कड्यांना कुंपण, आणि राडारोड्याच्या डंपरला मज्जाव. पाण्यात मासे आणि चतुरांच्या अळ्या टिकल्या, तर डासांनाही थोडाफार आळा बसतो. अख्खी खदान बुजवायला जितका भराव लागतो, त्याच्या लहानशा भागात हे होईल.

त्याआधी एक बिनखर्चाचे काम आहे. प्रत्येक वॉर्डाने आपल्या हद्दीतल्या भरलेल्या खदानी मोजाव्यात आणि नकाशावर ‘खाण’ खोडून ‘तळे’ लिहावे. कुर्ल्या-मालाडच्या दगडाला आपण वारसा म्हणून जपतोच. तो जिथून निघाला, त्या जागेची निदान नोंद तरी व्हावी.