प्रारब्धाचा हप्ता

बडनेरा आणि मूर्तिजापूर ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावरील जवळजवळची दोन गावे. एक अमरावती जिल्ह्यात, दुसरे अकोला जिल्ह्यात. काळी माती तीच, कपाशी तीच, वैशाखातले ऊनही तेच. आणि हृदयविकार किंवा कर्करोग मनुष्याला गाठतो तेव्हा जिल्ह्याची शीव पाहून गाठतो, असे कोणी म्हणणार नाही. परंतु २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्र शासनाने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत अमलात आणली, त्यांत अमरावती होता आणि अकोला नव्हता. अकोल्याच्या रयतेला त्या सवलतीसाठी नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. मधल्या त्या काळात केशरी शिधापत्रिका बाळगणारा जो इसम बडनेऱ्यास आजारी पडला, त्याच्या शस्त्रक्रियेचा भार सरकारी खजिन्याने उचलला; त्याच ऐपतीचा इसम मूर्तिजापुरास आजारी पडला, तर त्याला कर्जरोखा लिहून देण्यावाचून दुसरी वाट फारशी नव्हती. कोणत्याही योजनेचा आरंभ कोठून तरी करावाच लागतो, हे मी जाणतो. अंमलदारांना दूषण देण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या दोन माणसांत आचरणाचा, नीतीचा, कष्टाचा कसलाही भेद नव्हता, त्यांतील एकाचे घर वाचले आणि दुसऱ्याचे बुडाले, हे त्यांच्या त्यांच्या प्रारब्धाचे फळ म्हणून आपण स्वस्थ राहू शकतो काय? आजाराचा भार हा ज्याचा त्यानेच वाहावयाचा भोग आहे, की तो सर्वांनी मिळून फेडावयाचा ऋणभाग आहे, हा प्रश्न मला धर्माचा वाटतो.

आज तो पुन्हा विचारण्याचे कारण विम्याच्या हप्त्यांनी दिले आहे. त्या शासकीय योजनेच्या आरंभी सरकार विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये देत होते. महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेल्या त्याच योजनेसाठी २०२० साली ही रक्कम ७९७ रुपये झाली. आठ वर्षांत हप्ता दुपटीहून अधिक वाढला. तरी त्याची ओरड अमरावतीच्या जवाहर गेटात ऐकू आली नाही की अकोल्याच्या टिळक रोडवर उमटली नाही, कारण ती वाढ कोणा एका घराच्या दारात वसुलीला उभी राहिली नाही. ती सर्वांच्या खजिन्यातून गेली, आणि सर्वांत वाटली गेल्यामुळे कोणाच्याही पाठीचा कणा तिने वाकविला नाही.

खासगी पॉलिसी घेणाऱ्यांची कथा याहून निराळी आहे. २०२४ च्या एप्रिलपासून विमा नियामक प्राधिकरणाने सुधारणा केल्या, आणि त्या हेतूने खरोखर चांगल्या होत्या. नवी पॉलिसी घेण्यास पासष्ट वर्षांची जी वयोमर्यादा होती ती गेली. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी थांबावयाची मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. आणि पाच वर्षे नियमाने हप्ते भरल्यावर, लबाडी सिद्ध झाल्यावाचून, माहिती दडविल्याच्या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येऊ नये असे ठरले. बंद दारे उघडली. परंतु वृद्ध व व्याधिग्रस्त आत आल्यावर त्यांच्या औषधपाण्याचा वाढता खर्च कोणी सोसावा, याचा निर्णय बाजारावर सोपविला गेला, आणि बाजाराने आपल्या रीतीप्रमाणे तो त्यांच्याच खांद्यावर ठेवला. हप्ते इतके चढले की ३० जानेवारी २०२५ रोजी त्याच प्राधिकरणाला, साठीपुढील माणसांचा हप्ता पूर्वसल्ल्यावाचून एका वर्षात शेकडा दहाहून अधिक वाढवू नये, असे फर्मान काढावे लागले. शेकडा दहा हा आकडा ऐकावयास सौम्य आहे. पण दरसाल दहाने चढणारी रक्कम सात-आठ वर्षांत दुप्पट होते, आणि त्या अवधीत निवृत्त माणसाचे उत्पन्न दुप्पट होत नसते. सूतगिरणीतून, सहकारी संस्थेतून वा एस. टी.च्या चाकरीतून निवृत्त झालेल्या, १९९५ च्या पेन्शन योजनेतील माणसाला जी किमान रक्कम महिन्याला मिळते ती २०१४ पासून १,००० रुपये आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील शेकडा अठराचा कर माफ झाला, त्याने एक वेळचा श्वास मिळाला; चढ थांबला नाही.

कंपनीची बाजू मी पुष्कळदा मनाशी मांडून पाहिली आहे, आणि ती सहज मोडण्यासारखी नाही. ज्याच्यामुळे खर्च अधिक होण्याचा संभव, त्याने अधिक द्यावे. पंचवीस वर्षांच्या निरोगी तरुणाकडून सत्तरीच्या मधुमेह्याचा खर्च काढणे हा तरुणावर अन्याय होय, असे तिचे म्हणणे. व्यवहारात ते न्याय्य वाटते. परंतु त्याच्या मुळाशी जी श्रद्धा आहे ती नीट पाहिली म्हणजे ध्यानात येते, की आपल्याकडे जुन्या काळी कर्मविपाकाच्या नावाखाली जे सांगितले गेले त्याचाच हा जमाखर्ची अवतार आहे. तुझे पूर्वीचे तू भोग. तुझ्या देहात जे साचले आहे त्याचा हिशेब तुझ्याच खाती. पूर्वीपासून असलेला आजार हे जणू पूर्वजन्मीचे संचित, आणि वाढीव हप्ता हे त्याचे फळ.

कर्माचा सिद्धांत मी टाकाऊ मानीत नाही. लोकमान्यांनी गीतारहस्यात त्यासाठी संपूर्ण प्रकरण लिहिले, आणि त्याच्या शीर्षकातच कर्मविपाकाच्या शेजारी आत्मस्वातंत्र्याला बसविले. मनुष्याने आपल्या स्वतःच्या दुःखाकडे पाहताना खचून जाऊ नये, पुढील कर्म आपल्या हाती आहे हे जाणावे, याकरिता तो सिद्धांत उपयोगी आहे. पण तोच सिद्धांत दुसऱ्याच्या दुःखाचे माप घेण्यासाठी हाती धरला, की त्याचे शस्त्र होते. स्वतःच्या भोगाला प्रारब्ध म्हणणे हे धैर्य असू शकते. शेजाऱ्याच्या भोगाला प्रारब्ध म्हणणे ही नेहमीच निष्ठुरता असते.

या बाबतीत वऱ्हाडाला बाहेरून उपदेश घेण्याचे कारण नाही. महारोग हा पातकाचा दंड आहे अशी समजूत गावोगाव रुजलेली असताना, आणि रोग्याला वेशीबाहेर काढणे हेच धर्मकृत्य समजले जात असताना, स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीलगत तपोवन वसविले. ज्यांना समाजाने हिशेबातून वगळले होते त्यांना त्यांनी घर दिले, औषध दिले, आणि झडलेल्या बोटांच्या त्या हातांना सुतारकाम, विणकाम, शेती यांचे उद्योग दिले. तपोवनात प्रवेश देताना तुझा आजार किती जुना, असा प्रश्न दार लावून घेण्यासाठी विचारला जात नव्हता. जितका आजार जुना तितकी निकड अधिक, असा तेथला न्याय होता. विम्याच्या कोष्टकाचा न्याय याच्या बरोबर उलट चालतो. पटवर्धनांनी कर्मसिद्धांतावर ग्रंथ लिहिला नाही. पण रोग आणि पाप यांची गाठ त्यांनी अमरावतीच्या माळावर जितकी पक्की सोडविली, तितकी ती ग्रंथांनी सुटली असती असे मला वाटत नाही.

आणि ज्यांची समाधी त्याच शहरात आहे, त्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, त्या लोकांच्याच पैशाने केल्या. ज्याने दिले त्याला आपण त्या ओसरीवर कधी राहू की नाही हे ठाऊक नव्हते, आणि जो राहिला त्याने दिले होते की नाही हे कोणी विचारले नाही. आपणही कधी तरी परगावी, आजारी माणसाबरोबर, निराधार असे पडून असू शकतो, ही जाणीवच त्या वर्गणीचा पाया होती.

येथे कोणी म्हणेल, की मग दानधर्म आहेच. आपल्या राज्यात २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा दहा खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा दुर्बलांसाठी सवलतीने राखावयाच्या आहेत. ही व्यवस्था मोलाची आहे व तिचा अंमल काटेकोर झाला पाहिजे. पण दानात एक उणीव राहतेच: घेणाऱ्याला आपले दैन्य दस्तऐवजांनिशी सिद्ध करावे लागते. ज्या शिक्षकाने चाळीस वर्षे दुसऱ्यांची मुले शिकविली त्याने म्हातारपणी उत्पन्नाचा दाखला घेऊन खिडकीशी उभे राहावे, हे मला पटत नाही. आपल्या परंपरेत दानाहून मोठी कल्पना ऋणाची आहे. मनुष्य जन्मतःच देणेकरी असतो, आणि ते देणे तो ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच फेडतो असे नाही. पितरांचे ऋण पुत्रांना देऊन फिटते. तरुणाने भरलेल्या हप्त्यातून वृद्धाचा खर्च निघाला तर त्या तरुणावर अन्याय झाला असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. त्याचा जन्म ज्या प्रसूतिगृहात झाला, ज्या लसींमुळे त्याची देवी आणि पोलिओ यांतून सुटका झाली, त्यांचा खर्च कोणी केला होता?

हा विचार केवळ पोथीतला नाही. जर्मनीत १८८३ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हा कामगाराची वर्गणी त्याच्या मजुरीवर बसविली गेली, व्याधीवर नव्हे. आपल्याकडे १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने सुरू झालेल्या योजनेचे तत्त्व तेच आहे: आज कामगाराच्या वेतनातून शेकडा पाऊण आणि मालकाकडून सव्वातीन. त्या योजनेच्या कक्षेतील एकोणीस वर्षांचा पोऱ्या आणि पन्नाशी उलटलेला मिस्त्री एकाच दराने देतात, आणि यात कोणाला अधर्म दिसत नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवितो. वऱ्हाडात खर्ऱ्याची पुडी ज्या सहजतेने हातोहात फिरते, आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाने जी घरे उजाड होतात, ती पाहिली म्हणजे प्रश्न पडतो, की ज्याने आपला आजार आपल्या हाताने ओढवून घेतला त्याचाही भार निर्व्यसनी माणसाने वाहावा काय? मला वाटते, त्याला दोष देण्याची जागा पानठेल्यावर आहे, रुग्णशय्येवर नाही. तंबाखूवर जबर कर बसवावा, विक्री रोखावी, गावाने समज द्यावी. पण गाठ उठल्यानंतर त्याच्या खात्यात ती पुडी मांडू नये. शिवाय व्यसनाला कडक मोजणाऱ्या कोष्टकात मूत्रपिंडाच्या विकाराचे काय करणार? पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातील माणूस जे पाणी पितो ते त्याने निवडलेले नसते.

आता शासनाने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने फुले योजनेचे दार सर्व कुटुंबांसाठी उघडून संरक्षण पाच लाखांपर्यंत नेले आहे. तरीही मध्यम स्थितीचा माणूस पोटाला चिमटा घेऊन खासगी हप्ता भरीत राहतो. कारण नेमून दिलेल्या यादीबाहेरचा उपचार लागला, अथवा सोयीचे रुग्णालय योजनेत नसले, तर काय, ही धास्ती त्याला सोडीत नाही. अमरावतीचे इर्विन आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय त्याच्याच करातून चालते, पण तेथे आपल्यावर पाळी येऊ नये अशी तो प्रार्थना करतो. ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जातो ती माणसे अशी एकेक करून सामाईक व्यवस्थेतून बाहेर पडली, की उरलेल्यांसाठी तिथला बिघडलेला यंत्रसंच महिनोन्‌महिने दुरुस्तीला पडून राहिला तरी कोणी जाब विचारीत नाही. बाहेर पडलेलेही सुखी होत नाहीत. ते आपापल्या वयाप्रमाणे वेगळे मोजले जातात.

सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान योजनेचे कार्ड मिळू लागले आहे. येथे वय हे भार वाढविण्याचे नव्हे, तर भार उतरविण्याचे कारण ठरले; न्यायाची दिशा मला हीच दिसते. साठ ते सत्तर या दशकातील माणूस, ज्याची चाकरी संपली आणि हप्ता सर्वाधिक वेगाने चढू लागला, त्याच्यापर्यंत हे तत्त्व आधी पोहोचले पाहिजे. आणि खासगी पॉलिसीतही वयाची व व्याधीची वाढ त्याच एका माणसाकडून वसूल न करता सर्व हप्तेदारांत पसरविण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे. त्यामुळे तरुणांचा हप्ता थोडा वाढेल. तो त्यांनी द्यावा, असे मी माझ्या घरातील तरुणांनाही सांगतो.