भार वाटून घेणारे पुढारी

शास्त्रभाग : निर्गम १८:१३-२७



मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसे आणि लोक भोवती ताटकळत राहत. त्याचा सासरा इथ्रो ह्याने हे पाहून त्यास सांगितले की, अशा रीतीने तूही थकशील व लोकही थकतील. करिता देवाला भिणारी, लाच न घेणारी माणसे निवड व लहानमोठ्या समूहांवर त्यांस नेम. मोशेने हे ऐकले. एवढ्या थोर पुढाऱ्याने आपल्या कामाची रीत बदलली, तरी त्यामुळे त्यास काही कमीपणा आला नाही.

ह्या मसलतीचे मोल काय, हे पुणे शहराच्या इतिहासावरून कळते. १८९६ साली मुंबईत उद्भवलेला प्लेग लवकरच पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याच्या प्लेग कमिटीचे प्रमुखपद रँड साहेबांकडे आले आणि मार्च महिन्यापासून शिपायांकरवी घरोघर झडती सुरू झाली. शनिवार पेठेसारख्या जुन्या पेठांतून वाड्याला वाडा लागलेला व एकेका वाड्यात कितीतरी बिऱ्हाडे. तेथे परके शिपाई देवघरात व माजघरात शिरू लागले. हेतू रोग आवरण्याचा होता. परंतु लोक रोगापेक्षा शिपायांसच अधिक भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळातील कारभाराविरुद्ध वृत्तपत्रातून आवाज उठविला. २२ जून १८९७ च्या रात्री रँड साहेबांवर गोळी झाडण्यात आली. त्या कृत्याचे समर्थन आम्ही करीत नाही. पण जेथे विश्वास मेला तेथे केवढा अनर्थ ओढवतो, हे त्यावरून दिसते.

प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हा शोध सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली लाविला. म्हणजे झडती घेणाऱ्यांसही रोगाची वाट ठाऊक नव्हती. ज्याचे ज्ञान अपुरे, त्याने तर अधिकच नम्र असावयास हवे.

त्याच दिवसांत दुसऱ्या प्रकारचे पुढारीही होते. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांच्या दवाखान्यात रोगी स्वतः पोहोचवीत. त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुंबईत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस तयार केली, ती जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली व मग इतरांस दिली. झडतीवाल्यांनी दार ढकलले. ह्यांनी आधी आपला जीव पुढे केला.

पुढे सरकारनेही सक्ती सैल केली व लोकांच्या संमतीने काम करण्याकडे कल वळविला. १८९७ चा तोच कायदा २०२० साली कोरोनाच्या साथीत महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. तेव्हाही भीती होती. परंतु घरोघर चौकशीस गेल्या त्या बहुतेक ओळखीच्या आशाताई व आरोग्यसेविका. खेड्यात साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमावी, ही योजना २००५ पासूनची आहे. इथ्रोच्या मसलतीचीच ही जातकुळी नव्हे काय?

तर बंधूंनो, आपल्या मंडळीत काय करावे?

पहिले, पाळकाने किंवा उपदेशकाने सर्व काम आपल्याच मुठीत ठेवू नये. दहा घरांमागे एक भरवशाचे माणूस नेमावे. त्यांत स्त्रिया अवश्य असाव्यात, कारण माजघरातील दुखणे त्यांसच आधी कळते.

दुसरे, ताप किंवा जुलाबाची साथ दिसताच त्याच दिवशी आशाताईस कळवावे. रोग्यास नावे ठेवू नयेत. लाजविलेला रोगी लपतो व लपलेला रोग पसरतो.

तिसरे, पाणी उकळून पिणे असो की लस टोचून घेणे असो, जे इतरांस सांगावे ते आधी आपल्या घरी करावे.

आपल्या प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि पुढारीपण म्हणजे काय हे त्यांस दाखविले. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने प्रथम ओणवे व्हावे. तशी माणसे देव आपल्या प्रत्येक गावी उभी करो. आमेन.