‘देव’ या शब्दाचा विचार

‘देव’ हा दोन अक्षरांचा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. परंतु त्याने नेमका कोणता पदार्थ सांगितला जातो, याचा विचार क्वचितच करतो. साधकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हे.

संस्कृतात हा शब्द ‘दिव्’ धातूपासून सिद्ध होतो. पाणिनीय धातुपाठात या धातूचे क्रीडा, विजिगीषा, व्यवहार, द्युती इत्यादी दहा अर्थ दिले आहेत. लॅटिनमधील ‘देउस’ हा याच कुळातला. ग्रीक ‘थेओस’ मात्र, अर्थाने व उच्चाराने जवळचा वाटला तरी, निराळ्या मुळाचा आहे. म्हणजे ध्वनिसाम्यावरून नाते ठरत नाही.

उलटपक्षी, नाते असूनही अर्थ विरुद्ध होतो. अवेस्तात ‘दएव’ ही त्याज्य, दुष्ट शक्ती. आणि ‘अहुर’, म्हणजे आपला ‘असुर’, हे परमपूज्याचे नाव. ऋग्वेदातही वरुणाला ‘असुर’ हे विशेषण आदराने लावलेले आहे. फारसीतून उर्दूत आलेला ‘देव’ म्हणजे तर राक्षसच. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात एका घरच्या गोष्टीत जो देव तारतो, तोच शेजारच्या घरच्या गोष्टीत माणसे पळवून नेतो. शहराजवळचा देवगिरी, १३२७ मध्ये तेथे राजधानी नेणाऱ्या महंमद तुघलकाच्या काळी, दौलताबाद झाला. डोंगर मात्र तोच राहिला.

यावर कोणी म्हणेल, नावात काही नाही, तर मग ‘देव’ म्हणून कोणालाही भजावे. हा तर्क सदोष होय. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, हे खरे. परंतु नाव एक असल्याने दोन वस्तू एक होत नाहीत, हेही तितकेच खरे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. देवता आपापल्या मर्यादेत फळ देतात. मोक्षदाता एक परमेश्वरच. बोलीत मात्र दोहोंनाही आपण ‘देव’ म्हणतो, आणि तेथेच अनन्यतेला नकळत तडा जातो.

म्हणून स्वतःच्या मुखी हा शब्द येताच, मन देवतेकडे वळले की परमेश्वराकडे, हे साधकाने पारखावे. दुसऱ्याच्या मुखी तो निराळ्या अर्थाने आला, तर त्याचा धिक्कार न करता, त्याला कोणती वस्तू अभिप्रेत आहे ते आधी समजून घ्यावे. दंडवत प्रणाम.